बावीस वर्षांचं बारसं

रोमात गुलामाला मोकळं केलं, की त्याने मालकाचंच नाव लावायचं, अशी रीत होती. पब्लियस कोसिनियस नावाच्या बड्या सरदाराचा आचारी दामा असाच मोकळा झाला. त्याने पावाचं दुकान थाटलं आणि दारावरच्या दगडात कोरून घेतलं, 'पब्लियस कोसिनियस दामा'.

टकला, ढेरपोट्या दामा गिऱ्हाइकांना स्वतःच सांगे, "एवढं भारदस्त नाव माझ्यावर म्हणजे गाढवाच्या पाठीवर अंबारी!"

एके सकाळी सरदार लवाजम्यासह तिथून चालला होता. पाटी वाचून त्याचं माथं भडकलं.

"माझ्या वाडवडिलांचं नाव, आणि पावाच्या दुकानावर? या नावाला तू लायक कसा, ते सांग. नाहीतर छिन्नी घे आणि आत्ताच्या आत्ता खरवडून टाक!"

बघे जमले. दामाने हातांचं पीठ झटकलं आणि मान खाली घातली.

"मालक, मी पडलो मठ्ठ. आपली सर मला कुठून येणार! आपल्या गावात मुलाचं बारसं नवव्या दिवशी होतं. म्हणजे आपण हे नाव नऊ दिवसांत कमावलंत. मला तेच कमवायला आपल्या चुलीपुढे बावीस वर्षं लागली. त्या नऊ दिवसांत आपण काय काम केलंत, तेवढं या लोकांना सांगा. मग छिन्नी मीच चालवतो."

नऊ दिवसांचं बाळ दुपटी ओली करण्यापलीकडे काय करतं, हे गर्दीतल्या बायकांना चांगलं ठाऊक होतं. आधी त्याच हसल्या.

सरदाराने छिन्नीचं नाव पुन्हा काढलं नाही.