अंतरपाट कोणाच्या हातात?

चौगुले लोणचीवाल्यांचे मालक रावसाहेब. मन लोण्यासारखं, हट्ट मात्र कैरीच्या कोयीसारखा. आपल्या अधिकाऱ्यांनी आपापसात बोललेलं त्यांना खपत नसे. "काय असेल ते मला येऊन सांगा," म्हणायचे आणि एकेकाला वेगळं केबिनमध्ये बोलवायचे.

यंदा त्यांनी मोठ्या थाटात बेत जाहीर केला, गावोगावच्या खानावळींना लोणचं पुरवायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विक्री बघणाऱ्या पाटलांनी खानावळवाल्यांना मोठे डबे कबूल केले. कारखाना बघणाऱ्या मुजावरांनी नेहमीच्या इवल्या बाटल्या भरल्या. सगळा माल परत आला.

रावसाहेब खवळले. सगळ्यांना एकत्र समोर उभं केलं, बहुतेक पहिल्यांदाच.

"माझा बेत सोन्यासारखा होता. बिघडवला कोणी ते सांगा, नाहीतर पाटील आणि मुजावर, दोघांनीही उद्यापासून येऊ नका."

खरेदी बघणाऱ्या मंदाताई कदम तेवढ्या बोलल्या.

"रावसाहेब, लग्न झोकात झालं. मंगलाष्टका तुम्ही म्हटल्या, अक्षता आम्ही सगळ्यांनी टाकल्या. पण नवरानवरीनं अजून एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही."

"ते का?"

"अंतरपाट तुम्ही धरून ठेवलाय."

रावसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी पाटील आणि मुजावर एकाच टेबलाशी समोरासमोर बसले होते, डब्यांची मापं ठरवत. टोकाला रावसाहेब रुसलेल्या वरमाईसारखे फुगून बसले होते. पण चहा त्यांनीच मागवला होता.