जांभळाखालची टिटवी

नदी डोंगर सोडून माळावर उतरते, त्या वळणावर एक टिटवी राहत असे. पाय लांब आणि पिवळे, डोळ्यांपुढे लालचुटूक मांसल पट्टा. मुलांनो, टिटवीला तुम्ही कधी झाडावर बसलेले पाहिले आहे का? नसणारच. तिच्या पायाचे मागचे बोट असते ते नावापुरते, त्यामुळे तिला फांदी धरता येत नाही. ती खडीत चालते, खडीतच अंडी घालते आणि तिथेच सुखाने राहते.

त्या माळावर एक भला मोठा वड होता. ऊन उतरले की सगळे प्राणी-पक्षी त्याच्या सावलीत गप्पा मारायला जमत. वडाच्या शेंड्यावर एक वानर बसे. हा वड आपलाच, असे तो सांगे. खाली कोणी काही बोलले की ते मोठ्याने ओरडून सगळ्यांना ऐकवायचे, हे काम त्याने स्वतःकडे घेतले होते. सुरुवातीला तो सगळ्यांचेच बोलणे ऐकवी. पण भांडण ऐकवले की गर्दी वाढते आणि गर्दी वाढली की आपल्यापुढे फळेही जास्त येतात, हे त्याच्या लवकरच लक्षात आले. मग तो भांडणेच तेवढी ऐकवू लागला.

टिटवी सांगे, "आज नदीकाठी ओलाव्यात किडे फार निघालेत. ज्यांची पिल्लं लहान आहेत त्यांनी या हं."

वानर वरून खेकसे, "गप गं! तुझं ओरडणं अपशकुनी. कोणाशी भांडलीस तर सांग."

 टिटवीचे ऐकणारी तिथे एकच होती, ती म्हणजे साळुंकी. ती वडाच्या मुळावर येऊन बसे आणि दोघी कितीतरी वेळ बोलत राहत. पण एक दिवस साळुंकी म्हणाली, "बाई, मला नाही हा गोंगाट सोसवत. मी ओढ्यापलीकडच्या राईत चालले. तिथं पुष्कळ झाडं आहेत आणि सगळ्यांवर असा एकच मालक नाही. एका झाडावर बोललेलं शेजारचं झाड पुढं सांगतं, असं करत करत सगळ्या राईला कळतं. तूही ये. येशील ना?"

"येईन की," टिटवी म्हणाली.

साळुंकी गेली आणि वडाखालची गर्दी टिटवीला परकी वाटू लागली. भोवती इतके आवाज, पण त्यांतला एकही तिच्याशी बोलत नव्हता. शेवटी एका सकाळी तिने मनाचा हिय्या केला आणि ती ओढा ओलांडून राईपाशी जाऊन पोचली.

राईच्या तोंडाशी एक पोपट बसला होता. येणाऱ्याला सगळे समजावून सांगण्याची त्याला फार हौस. मनाने चांगला होता बिचारा, पण बोलायला लागला की समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसे.

"या, टिटवीताई, या!" तो म्हणाला. "आधी झाड निवडा."

"मी साळुंकीला भेटायला आले होते."

"भेटाल हो. पण झाड कोणतं? जांभूळ, कळंब, बेहडा, पळस, मोह... प्रत्येकाचा कारभार वेगळा, नियम वेगळे. मोहावर दुपारी बोलायचं नाही. पळसावर नव्यांना आधी थांबवून ठेवतात."

टिटवी गोंधळली. "मग यातलं चांगलं कोणतं?"

"कोणतंही घ्या, चालतं. सगळी झाडं एकमेकांशी बोलतातच."

"कोणतंही चालतं, तर मग निवडायचं कशाला?"

"अहो, निवडल्याशिवाय आत कसं येणार?" पोपटाला तिचा प्रश्नच कळला नाही. "आणि मग तुमचं नावही त्या झाडावरून पडणार. कळंबावरची टिटवी, नाहीतर बेहड्यावरची टिटवी."

"आणि चुकीचं निवडलं तर?"

"तर उडून दुसऱ्यावर जायचं. ओळखी थोड्या बरोबर येतात, थोड्या मागं राहतात. बरं, तुमची साळुंकी कोणत्या झाडावरची? इथं साळुंक्या पुष्कळ आहेत. झाडाचं नाव घेतल्याशिवाय हाक मारली तर पोचायची नाही."

साळुंकीने झाडाचे नाव कुठे सांगितले होते? टिटवीने वर पाहिले. सगळीकडे फांद्याच फांद्या आणि त्यांवर निवांत बसलेले पक्षी. मग तिने हळूच आपल्या पायांकडे पाहिले. 'मला फांदीवर बसता येत नाही' हे सांगायची तिला लाज वाटली.

"मी जरा विचार करून येते," ती पुटपुटली आणि परत फिरली.

ओढा ओलांडताना ती मनाशी म्हणत होती, "सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही. आपलीच अक्कल कमी." वडाखाली येऊन ती एका कोपऱ्यात उभी राहिली. वर वानर कोणाचे तरी भांडण ऐकवत होता आणि खाली सगळे खिदळत होते.

त्याच दुपारी पोपट जांभळावर गप्पा मारायला गेला. बोलता बोलता म्हणाला, "ही वडाखालची मंडळी काही टिकायची नाहीत. आज एक आली होती. मी इतकं नीट समजावलं, तरी विचार करून येते म्हणाली नि गेली."

साळुंकी त्याच फांदीवर होती. तिने चोच पुसता पुसता विचारले, "कोण होती?"

"टिटवी होती कोणी."

साळुंकी ताडकन उठली. "अरे, माझी टिटवी! कधीपासून वाट बघतेय मी तिची. काय विचारलंस तू तिला?"

"झाड कोणतं निवडता, एवढंच."

"टिटवीला? तिला फांदीवर बसता तरी येतं का? ती झाड निवडून करणार काय?"

पोपट वरमला. "पण विचारायला नको का? रीत आहे आपली."

"विचार ना. पण इतक्या लांबून आलेलीला आधी पाणी तरी विचारावं."  मग साळुंकीने विचारले, "तू इथं आलास तेव्हा झाड कसं निवडलंस रे?"

 पोपट तर याच राईतल्या एका ढोलीत जन्मला होता. त्याला कोणी कधी काही विचारलेच नव्हते. जे दुसऱ्याला इतक्या हौसेने समजावून सांगत होतो, ते आपल्याला स्वतःला एकदाही करावे लागले नाही, हे आज त्याच्या ध्यानात आले.

"चल," तो म्हणाला, "आपण तिच्याकडे जाऊ."

दोघे वडापाशी आले. टिटवीने त्यांना पाहिले आणि ती मान खाली घालून म्हणाली, "साळुंके, मी आले होते गं. पण ते माझ्यासारखीचं काम नाही. मला काही कळलंच नाही."

साळुंकी तिच्या अगदी जवळ जमिनीवर उतरली. "तुला कळलं नाही यात तुझं काय चुकलं? मीच वेडी. ये म्हणाले आणि कुठं यायचं ते सांगितलंच नाही."

पोपटही खाली उतरला. वडाखालच्या खडीत चालायची त्याला सवय नव्हती. तो दोन पावले डुलत डुलत गेला आणि पाय घसरून चोचीवर आपटला.

"अहो, जपून!" टिटवी पुढे धावली. "इथून या, पोपटदादा. मोठ्या खड्यावर पाय ठेवा, बारीक खडी सरकते."

पोपटाने तिच्यामागे पाय टाकत टाकत कसेबसे अंतर कापले. मग म्हणाला, "टिटवीताई, तुम्ही मला आधी या खड्यांची नावं पाठ करायला लावली असतीत, तर मी कधीच उडून गेलो असतो. चुकलं माझं. चला आमच्याबरोबर."

टिटवीला हसू आले. किती दिवसांनी आले होते!

राईत जांभळाच्या बुंध्यापाशी ओढ्याची वाळू साचलेली होती. साळुंकीने तिथला पालापाचोळा चोचीने बाजूला सारला, पोपटाने काटक्या उचलल्या. "तू इथं राहा," साळुंकी म्हणाली. "मी वरच्याच फांदीवर आहे. नुसतं ऐकत बस. बोलावंसं वाटलं तर बोल. पुढं दुसरीकडं जावंसं वाटलं तर जा, मी पोचवायला येईन."

टिटवी आधी पाणी प्यायली. मग पुष्कळ वेळ नुसती ऐकत उभी राहिली. कळंबावर कोणी पिल्लांना उडायला शिकवत होते, बेहड्यावर कोणी आजारी होते आणि त्याची विचारपूस चालली होती. ऊन कलल्यावर तिने घसा साफ केला आणि जरा भीत भीतच म्हटले, "ओढ्याच्या वरच्या अंगाला कडा ढासळतोय. तिथं कोणी पिल्लांना नेऊ नका."

जांभळाने ते कळंबाला सांगितले, कळंबाने बेहड्याला. शब्द पानांपानांतून लांब गेला आणि थोड्या वेळाने राईच्या पार पलीकडून एक अनोळखी आवाज झाडाझाडांवरून परत आला, "जांभळाखालच्या टिटवीला सांगा, आमची पिल्लं तिकडंच निघाली होती. वेळेवर सांगितलंस, बाई. बरं झालं तू आलीस."

 साळुंकी फांदीवरून उतरून टिटवीच्या शेजारी वाळूत येऊन बसली.

तात्पर्य : नवख्याला आधी जवळ बसवावे, रीतिभाती मागाहून सांगाव्यात, आणि कोणी दारातून परत फिरला तर त्याची अक्कल काढण्याआधी आपले दार त्याला अवघड तर नाही ना, हे पाहावे.