भागूजीनं देवीला सगळ्यात चांगलं दिलं

वरच्या वाडीत भागूजी नावाचा एक भोळा माळी राहत होता. भोळा म्हणजे असा, की सांगाल तेवढं करायचा आणि तेवढंच करायचा. त्याची बायको साळूबाई मात्र हुशार होती.

त्यांची म्हैस गाभण होती. मागच्या वर्षी तिचं पारडू जगलं नव्हतं, म्हणून साळूबाईला घोर लागला होता. तिनं गावच्या भैरोबाला नवस केला. म्हैस सुखरूप विईपर्यंत दर रविवारी देवाला काहीतरी द्यायचं, आणि द्यायचं ते चांगलंच द्यायचं.

पहिल्या रविवारी तिनं मळ्यातलं पहिलं वांगं काढलं. जांभळं, तुकतुकीत.

"हे भैरोबापुढं ठेवून या."

भागूजी गेला आणि आला. वांगं हातातच होतं.

"अहो, हे परत कसं आलं?"

"तू म्हणालीस ठेवून या. ठेवलं. मग यायचं होतं, तर घेऊन आलो."

"देवाला दिलेलं परत आणत नाहीत. तिथंच सोडायचं आणि मोकळ्या हातानं घरी यायचं."

"बरं," भागूजी म्हणाला.

दुसऱ्या रविवारी पुरणपोळीचा नैवेद्य होता. पितळेच्या ताटात पोळी, तांब्यात पाणी. साळूबाई म्हणाली, "म्हशीलाही न्या. येताना ओढ्यावर पाणी पाजा."

भागूजी मोकळ्या हातानं घरी आला. ताट देवळात, तांब्या देवळात. म्हैस कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. दुपारी ती पाटलांच्या मक्यात सापडली. पोट टम्म फुगलेलं. साळूबाई रात्रभर तिच्याजवळ बसून राहिली.

"म्हैस कशाला सोडलीत?"

"दावं हातात होतं. हात मोकळे कसे होणार?"

साळूबाईनं कपाळाला हात लावला. "नीट ऐका. देवाला दाखवायचं, भोवती पाणी फिरवायचं आणि नेलं ते सगळं घरी आणायचं."

"बरं."

तिसऱ्या रविवारी तिनं दिव्यासाठी करडईचं नवं तेल दिलं. देवळात दौलत गुरव नुकताच दिवा लावून बसला होता. भागूजीनं देवाला तेल दाखवलं. दिव्याभोवती पाणी फिरवलं. जरा जास्तच फिरवलं. दिवा चर्र करून विझला. भागूजी तेल घेऊन निघाला.

"अरे, निघालास कुठं?" गुरवानं विचारलं.

"दाखवून झालं."

"तेल दाखवत नाहीत बाबा. तेल ओततात. आणि देवाच्या कामात हात आखडायचा नाही. आणलंय ते सगळं ओतायचं."

"बरं."

चौथ्या रविवारी भैरोबाचा भंडारा होता. सगळ्या गावाचं जेवण देवळापुढं. साळूबाईनं मळ्यातल्या लाल मिरच्यांचं शेरभर तिखट कुटलं आणि भागूजीजवळ दिलं. भागूजीनं ते दिव्यात ओतलं. दिव्यात मावेना, म्हणून उरलेलं धुपाच्या निखाऱ्यांवर ओतलं. हात आखडला नाही.

पंगत नुकतीच बसली होती. पुढचा अर्धा तास गावात कुणी कुणाशी बोललं नाही. पाटील पत्रावळ सोडून ओढ्यात जाऊन उभे राहिले.

डोळे पुसत पुसत गुरव म्हणाला, "भागूजी, तुझा भाव चांगला आहे. पण यापुढं देवाला काही द्यायच्या आधी चार शहाण्या माणसांना विचारत जा."

"बरं," भागूजी म्हणाला.

त्याच आठवड्यात म्हैस व्याली. पारडी झाली, आणि दुसऱ्या दिवशी उड्या मारायला लागली. साळूबाई म्हशीच्या गळ्यात हात टाकून रडली. भागूजीही रडला, कारण ती रडत होती.

दोन दिवसांनी खालच्या वाडीत जानाईदेवीची जत्रा होती. साळूबाईनं देवीलाही नवसाचा खरवस बोलला होता. तिनं शेवटच्या चिकात गूळ-वेलदोडा घालून खरवस केला आणि डबा भागूजीच्या हातात दिला.

"मला म्हशीपासून हलता येत नाही. तुम्ही जा. लक्षात ठेवा, देवीला आपल्यातलं सगळ्यात चांगलं द्यायचं असतं."

भागूजीनं डबा घेतला आणि चार शहाणी माणसं शोधायला निघाला. आधी पाटील भेटले.

"पाटील, आपल्यातलं सगळ्यात चांगलं काय?"

"भैरोबा," पाटील म्हणाले. "तुझी म्हैस कुणी वाचवली?"

शाळेतल्या मास्तरांनी तेच सांगितलं. कुंभारानं तेच सांगितलं. दौलत गुरवानं तर हात जोडून सांगितलं. चौघांचं एकमत झालं. मग चौघंही जत्रेला गेले.

भागूजी पहार घेऊन देवळात गेला.

भैरोबा म्हणजे घागरीएवढा शेंदरी दगड, त्याला चांदीचे डोळे. भागूजीनं तो जपून मोकळा केला. बैलगाडीत कडबा अंथरला, त्यावर देव ठेवला. ऊन लागू नये म्हणून वर आपला पटका टाकला.

जत्रेत रांग मोठी होती. भागूजीचा नंबर आला तेव्हा त्यानं भैरोबाला जानाईपुढं ठेवलं आणि हात जोडले.

"आई, आमच्याकडं याहून चांगलं काही नाही."

मागं वरची वाडी उभी होती. पाटील देव उचलायला पुढं झाले, तर जानाईच्या पुजाऱ्यानं हात आडवा केला.

"देवीपुढं ठेवलेलं उचलता येत नाही. याहून चांगलं काही आणा, मग हे न्या."

वरच्या वाडीचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. भैरोबाहून चांगलं काही आहे असं भैरोबासमोर म्हणणार कोण?

शेवटी गुरवाला सुचलं. "याच्या बायकोनं देवीला खरवस बोललाय. देवीचं जे आहे ते खरवस. हा देव चुकून आलाय. खरवस घ्या आणि आमचा देव द्या."

पुजाऱ्यानं विचार केला. "बोललेलं तेच खरं," तो म्हणाला. "ठेवा खरवस."

सगळ्यांना हायसं वाटलं. दोघं जण भैरोबाला उचलायला वाकले.

"भागूजी, आण खरवस."

भागूजी जागचा हलला नाही.

"अरे, खरवस कुठाय?"

"वाटेत बैल थांबले. म्हटलं, भैरोबाला भूक लागली असेल. त्याच्यापुढं डबा धरला. त्यानं काही खाल्लं नाही."

"मग?"

"मग मी खाल्ला," भागूजी म्हणाला. "झाला होता छान. पण भैरोबाइतका चांगला नव्हता, म्हटलं तो देवीला कसा द्यायचा?"

वाकलेले दोघं हळूच सरळ उभे राहिले. भैरोबा खालच्या वाडीतच राहिला.