बाकी एक

खूप जुन्या काळी, नकाशे निघायच्याही आधी, एक राजा होता. त्याला सरळ, सारख्या रांगांचा भारी शौक. राजांना असले शौक परवडतात.

त्याच्या सैन्यात दोन हजार पाचशे वीस शिपाई होते. ही संख्या दरबारच्या गणित्याने शोधून दिली होती. शिपायांच्या दोन रांगा करा, सात करा, नाहीतर दहा; दोनपासून दहापर्यंत कितीही सारख्या रांगा करा, एकही माणूस उरत नसे. याहून लहान कोणत्याही संख्येला हे जमत नाही, असे गणिती मिशीला पीळ देत सांगे.

एकदा राजाचा घोडा उधळला. एका कुंभाराने जिवावर उदार होऊन लगाम धरला. राजा खूश होऊन म्हणाला, "उद्यापासून तू माझा शिपाई."

कुंभाराने चाक विकले आणि बायको-पोरांना घेऊन तो राजधानीत आला.

पहिल्याच कवायतीत घोळ झाला. दोन रांगा केल्या, एक माणूस उरला. तीन केल्या, एक उरला. दहापर्यंत तेच. उरणारा अर्थात कुंभारच, कारण शेवटी आलेला तो.

राजा वैतागला. दिलेला शब्द मोडता येईना आणि रांगही मोडवेना. तो म्हणाला, "ज्या दिवशी हा रांगेत बसेल, त्या दिवसापासून याला शिधा."

"महाराज, तोवर पोरांनी काय खायचं?"

"ते गणित्याला विचार."

गणित्याने अकरा रांगा करून पाहिल्या, तेरा पाहिल्या, सतरा पाहिल्या. कोणी ना कोणी उरेच. शेवटी त्याने हात टेकले. "मूळ संख्या आहे ही, महाराज. हिला कशानेच भाग जात नाही. सगळे बसतील ते फक्त एकाच रांगेत."

"एक रांग? ती काय सैन्याची शोभा!" राजाने विषय संपवला.

कुंभार मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली बसून राहू लागला. बायको लोकांची दळणे दळून पोरांची पोटे भरी.

उन्हाळ्यात भर दुपारी कोठाराला आग लागली. वर्षाचे धान्य आत, आणि पाणी टेकडीखालच्या तळ्यात. शिपायांनी सवयीने दहा रांगा धरल्या. एकही रांग अर्ध्या वाटेपर्यंत पोचेना.

"अरे, एकच रांग करा!" राजा ओरडला.

रांग तळ्यापासून चढत आली आणि कोठाराच्या दाराशी नेमकी एका माणसाने तोकडी पडली. शेवटच्या शिपायाने हात लांबवला, पण घागर आगीपर्यंत जाईना. तेवढ्यात कुंभार धावला आणि त्या मोकळ्या जागेत उभा राहिला. भट्टीच्या धगीला सरावलेली त्याची कातडी. घागरीमागून घागर तो ओतत राहिला. दिवस कलायच्या आत आग विझली, धान्य वाचले.

राजाने तोंडावरची काजळी पुसली. "आता बाकी किती, गणिती?"

"शून्य, महाराज."

त्या संध्याकाळी कुंभाराचा शिधा, मागच्या दिवसांचाही, राजा स्वतः घेऊन गेला. दार ठेंगणे होते, त्याला वाकावे लागले.

पुढे त्या राज्यात कवायत एकाच रांगेत होई. ती पाहताना राजाला फार चालावे लागे, पण त्याने कधी कुरकुर केली नाही.

तात्पर्य: माणसांचे भाग पाडत बसले, की कोणीतरी उरतोच, सगळ्यांची एक रांग केली, की कोणीच उरत नाही.