बडबडत पळणारी मुंगशी

एका रानात, मुरमाड टेकडीच्या पोटाशी, मुंगूसराव, त्यांची मुंगशी आणि तीन पिल्लं असं बिऱ्हाड सुखात राहत असे. सुखात म्हणजे आठ महिने सुखात, बरं का मुलांनो. पळसाची फुलं गळायला लागली की टेकडीजवळचा ओढा आटायचा आणि पाचही जिवांच्या तोंडचं पाणी पळायचं.

त्या रानात बारमाही पाणी एकच, माळापलीकडचा डोह. पूर्वी उन्हाळा आला की त्या डोहाच्या काठासाठी जनावरं एकमेकांच्या उरावर बसत. शेवटी म्हाताऱ्या गव्यानं एक रीत घालून दिली. "भांडू नका, पळा," तो म्हणाला. घरटी एकानं पळायचं. सूर्य उगवताना टेकडीवरच्या वडापासून निघायचं, पण माळ सोडून, डोंगराला वळसा घालून, खिंडीतून डोहावर यायचं. चांगली सहा कोसांची वाट. डोहाच्या काठी एक जांभूळ होतं. भर दुपारी त्याची सावली बुंध्याशी गोळा व्हायची आणि ऊन कललं की पाण्याकडे सरकायची. ती पाण्याला टेकायच्या आत जो पोचेल, त्याच्या घराला उन्हाळाभर काठावर जागा. मग तो पहिला येवो नाहीतर सगळ्यांच्या मागून येवो. पाखरांनीसुद्धा पायांनीच यायचं, पंख उघडला की बाद.

गेल्या वर्षी मुंगूसराव स्वतः पळाले होते. चार कोस अगदी वाऱ्यासारखे गेले. खिंडीत एक साप वाटेत आडवा आला. आता साप दिसल्यावर मुंगूस पुढे जाईल होय? राव थांबले, फुगले, घटकाभर झुंजले आणि सापाला त्याच्या बिळात पिटाळून लावलं. मग मिशा फेंदारत डोहावर पोचले, तर जांभळाची सावली पाण्यात पाय सोडून बसलेली!

त्या उन्हाळ्यात पाण्यासाठी रोज माळ ओलांडावा लागला. माळावरून डोह कोसभरच, पण तिथे आडोशाला एक झुडूप नाही आणि डोक्यावर ससाण्याच्या घिरट्या. एका दुपारी ससाण्यानं धाकट्या पिल्लाला उचललंच होतं. मुंगशी अंगावर धावून गेली म्हणून पोर सुटली. धाकटीच्या पाठीवर नखांचा ओरखडा राहिला आणि तिला एक सवय लागली. पाणी पिताना ती दर घोटाला मान वर करून आभाळाकडे बघायची. मुंगशी मग तिच्यावर ओणवी होऊन उभी राहायची.

यंदा बोरं पिकली आणि टेकडीवरून एक दगड घरंगळला तो नेमका मुंगूसरावांच्या मागच्या पायावर. पाय सुजून मुसळासारखा झाला.

"आता गं कसं?" राव कण्हत म्हणाले. "शर्यतीत कोण पळणार?"

"मी पळेन."

"तू?" दुखणं विसरून राव हसले. "अगं, बिळापासून त्या बोरीपर्यंत गेलीस तरी तुला धाप लागते."

"आणि तुम्ही चार कोस गेलात, काय उजेड पडला? सापापाशी अडलात."

"पण काय साप होता तो!" राव म्हणाले. वर्षभर ते हेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मुंगशी पळायला निघाली. पण मुंगसांची जातच अशी, की चाळीस पावलं सुसाट जायचं, मग मागच्या पायांवर उभं राहून चहूकडे टकमक बघायचं, मग पुन्हा चाळीस पावलं सुसाट. तिसऱ्या खेपेला मुंगशी बोरीखाली चारी पाय पसरून पडली. छातीचा भाता झालेला.

बोरीच्या आड तितरीण राहायची. तिची अंडी आणि मुंगशीची नजर यावरून दोघींचं कधीच पटलं नव्हतं. "अगं बाई!" तितरीण म्हणाली, "डोह तर बराच लांब आहे ना? की यंदा माझ्या बोरीखालीच आणून ठेवलाय?"

मुंगशीच्या जिभेवर उत्तर होतं, पण बोलायला श्वासच नव्हता.

पडल्या पडल्या तिला वाटेनं एक म्हातारी तरस येताना दिसली. तरस म्हणजे पुढून उंच, मागून उतरती. चालली की लंगडतेय असंच वाटायचं, त्यामुळे सगळं रान तिच्या चालीला हसायचं. पण रात्रभर आठ आठ कोस फिरून सकाळी घरी परतायची ती याच दुडक्या चालीनं, आणि तिच्या तोंडावर दमल्याची खूण नसायची.

मुंगशी धीर करून उठली. "तरसआजी, एक विचारू?"

"विचार. लांबूनच विचारतेस ते बरं. पण भिऊ नकोस पोरी, तुझ्याएवढ्या घासानं माझी दाढसुद्धा ओली व्हायची नाही."

"तुम्हाला धाप कशी लागत नाही?"

तरस मटकन खाली बसली. "इतकी वर्षं सगळे माझ्या चालीला हसले. चाल विचारायला आलेली तूच पहिली," ती म्हणाली. मग विचारलं, "पळताना तुझ्या तोंडाचं काय होतं?"

"मिटतं. बोलणार कशी?"

"तिथेच चुकतेस. बोलता येईल एवढंच पळायचं. बोलणं तुटलं की समजायचं, पाय फार पुढे गेले. आवरायचे. बोलता येतं ना तुला?"

"त्याची काळजीच नको, आजी!" बिळातून मुंगूसराव ओरडले.

मग रोज पहाट फुटली की दोघी निघू लागल्या. तरस पुढे दुडकत आणि मुंगशी मागे बडबडत. बोलायला विषय हवा म्हणून ती तितरिणीच्या कागाळ्या सांगायची. तितरीण कशी खोचक बोलते, कशी पानं उकरून दारात टाकते. एका कागाळीत बोर मागे पडायची, दोन कागाळ्यांत वारूळ यायचं. पहिल्या आठवड्यात त्या वारुळापर्यंत गेल्या, पुढच्या आठवड्यात मोहाच्या झाडापर्यंत. चालसुद्धा किती हळू! वाटेतल्या मुंग्याही जरा थांबून बघत असतील. दर चौथ्या दिवशी तरस तिला बिळाबाहेर पडू द्यायची नाही.

"आज का नाही, आजी? पाय शिवशिवतायत."

"शिवशिवू देत. पाय पळताना दमतात आणि झोपेत तयार होतात. आज झोप काढ."

मध्येच मान वर करून उभं राहायची खोड मात्र जाता जाईना. पाचोळा वाजला की मुंगशी उभी. तरस मागे वळूनही बघायची नाही, नुसती म्हणायची, "बघ की. पळता पळता बघ. डोळे पायांत थोडेच आहेत?"

एकदा मात्र घोळ झालाच. तरस आली नव्हती आणि तितरिणीनं बोरीवरून टोमणा मारला, "काय गं, पळतेस की वरातीत चालतेस?" झालं! मुंगशीच्या अंगाची आग झाली. तोंड मिटून ती जी सुटली ती थेट मोहापर्यंत, आणि तशीच परत. तितरीण बघतच राहिली, पण मुंगशीचा पुढचा पंजा सुजून फुगला. घरात आता दोन लंगडे झाले.

तरस आली आणि पंजा हुंगून म्हणाली, "बरं झालं."

"बरं कसलं, आजी?"

"शर्यतीआधी झालं, हे बरं झालं. त्या दिवशी डोहाच्या वाटेवर झालं असतं, तर?"

मुंगशी आठ दिवस बिळात बसली. नवव्या दिवशी बोरीपर्यंतच गेली, दहाव्या दिवशी वारुळापर्यंत. तितरीण काहीबाही बोलली, तेव्हा मुंगशी पळता पळताच म्हणाली, "बोल गं बाई, बोल. तेवढाच मला बोलायला विषय!"

पळस फुलले, तेव्हा मुंगशी खिंडीपर्यंत जाऊन येऊ लागली होती. फुलं गळायला लागली आणि शर्यतीचा दिवस आला.

वडाखाली ही गर्दी! सूर्याची कोर दिसताच सगळे उधळले. धुरळा बसला तेव्हा मुंगशी एकटीच मागे होती आणि धुरळ्याला सांगत होती, "जा बाबांनो, जा. माझं आपलं आहे हळूहळू."

बोर गेली, वारूळ गेलं. मोहाखाली एक भेकर धापा टाकत उभं होतं. त्याच्या शेजारून मुंगशी गेली, मुंगूसराव घोरतात कसे ते सांगत सांगत. पुढे दोन ससे सावलीला लवंडले होते. ऊन चढलं. खिंडीच्या तोंडाशी तितरीण दिसली. चोच उघडी, पाय लटपटत होते. इतक्यात एक वाळकी फांदी कडकन मोडली आणि दचकून तितरिणीनं भुर्रकन पंख उघडले. उडाली नाही, पण उघडले ते उघडलेच. ती तिथेच मातीत बसली आणि रडू लागली.

मुंगशीला वाईट वाटलं. पण पाय थांबले नाहीत. "रडू नको गं!" ती जाता जाता म्हणाली, "सकाळपासून तुझ्याच नावानं इथवर आलेय मी!"

आणि खिंडीत, ऐन वाटेवर, ऊन खात साप पसरला होता. तोच, गेल्या वर्षीचा.

"या मुंगशीबाई," त्यानं फणा काढला. "तुमचे राव थांबले होते, मर्दासारखे. तुम्ही काय, पळून जाणार?"

मुंगशीच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. शेपटी फुगली. पाय जमिनीला चिकटू लागले आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिचं तोंड मिटलं. तोंड मिटल्यावर सगळीकडे असं शांत वाटलं, की तिची तीच दचकली. तिला तरसआजीचं बोलणं आठवलं, आणि आभाळाकडे बघत पाणी पिणारी धाकटी आठवली.

"पळूनच चाललेय बाबा!" ती मोठ्यानं म्हणाली. "आज पळायचाच दिवस आहे. भांडायला उद्यापासून डोहावर ये, उन्हाळाभर तिथेच आहे मी!"

आणि करवंदीच्या जाळीला वळसा घालून ती निघूनही गेली. असं उत्तर सापाला आजवर कुण्या मुंगसानं दिलं नव्हतं. तो बिचारा फणा काढून तसाच बसला, कुणावर मारावा ते त्याला कळेना.

शेवटचा कोस मात्र जिवावरचा होता. घसा कोरडा पडला. तितरीण सांगून झाली, मुंगूसराव सांगून झाले, आता बोलायला कुणी उरेना. मग मुंगशी धाकटीशीच बोलू लागली. "आलेच हं बाळे. अजून त्या दगडापर्यंत. आता त्या निवडुंगापर्यंत. आता उतारच आहे, बघ."

डोह दिसला. जांभूळ दिसलं. सावली पाण्याच्या बाजूला लांबली होती. मुंगशीनं तिकडे बघितलं, पण थांबून नाही, पळता पळता बघितलं. सावलीच्या कडेकडेनं ती उतरली आणि पुढचे दोन्ही पाय पाण्यात बुडाले, तेव्हाच उभी राहिली.

"पोचले का हो, गवाबाबा?" ती म्हणाली. "सावली कुठाय?"

"तुझ्या मागे," गवा म्हणाला. "चार बोटं मागे. पोचलेल्यांत तू शेवटची, पण पोचलीस. त्या उंबराच्या मुळाशी बीळ आहे, ते तुझं."

उन्हं उतरली तेव्हा तरसआजी मुंगूसरावांना आणि पिल्लांना घेऊन माळावरून आली. ती बरोबर असल्यावर ससाणा कशाला खाली उतरतोय! तितरीणही मान खाली घालून मागून आली. "आमच्याच जागेत, उंबराशेजारच्या झुडपात राहा," मुंगशी तिला म्हणाली. "अंडी मात्र माझ्या नजरेआड घाल, नंतर मला बोल लावू नको."

मुंगूसराव लंगडत जवळ आले आणि हळूच विचारते झाले, "खिंडीत तो भेटला का गं?"

"भेटला."

"मग?"

"म्हटलं, घर बदललंय आमचं. ये कधीतरी."

राव हसता हसता खाली बसले. पण मुंगशीचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. बिळाच्या तोंडाशीच पाणी होतं आणि वर उंबराच्या पानांचं दाट छप्पर होतं. धाकटीनं पाण्याला तोंड लावलं. एक घोट घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. पोट टम्म होईपर्यंत ती पाणी प्यायली आणि एकदाही तिनं मान वर केली नाही.

तात्पर्य : लांबचा पल्ला गाठायचा असेल, तर आपल्याला झेपेल त्या चालीनं रोज थोडं थोडं पुढे जावं, आणि वाटेत कुणी डिवचलं तरी आपण कशासाठी निघालो ते विसरू नये.