ओढायचं काम कुणाचं?

साऱ्या जंगलात छपराची एकच गाडी होती, तेव्हाची ही गोष्ट. गाडी अस्वलरावांची, तिला जुंपलेला चांद्या बैल आणि आत शाळेला निघालेली सशांची, साळिंदरांची पिल्लं. अस्वलराव पुढे बसून विडी ओढायचे आणि धूर छपराखाली कोंडायचा. पिल्लं खोकायला लागली, की चांद्याचा जीव कासावीस व्हायचा. पण काही बोलावं, तर मालकांचं उत्तर ठरलेलं, "गाडी माझी, विडी माझी."

एके सकाळी सशाची धाकटी चिंगी इतकी खोकली, की तिला श्वास घेता येईना. चांद्या ऐन चढावर थांबला.

"अरे, ओढ की," अस्वलराव खेकसले.

"मालक, एका गाडीत दोघांनी ओढायचं नाही," चांद्या म्हणाला. "तुम्हाला ओढायचंच असेल, तर गाडी ओढा. मी पिल्लांसोबत आत बसतो."

पिल्लं खुदकन हसली. अस्वलरावांनी चढाकडे पाहिलं, मग हातातल्या विडीकडे. खाली उतरून त्यांनी ती चिखलात विझवली.

घुंगरं वाजवत चांद्याने गाडी एका दमात शाळेच्या दारात नेली. तेव्हापासून गाडीत कुणी विडी काढली, की चिंगी ठणकावून सांगते, "काका, इथे ओढायचं काम फक्त बैलाचं."