तळाचा घोट

“चव सांगायची, पण दारू उष्टी करायची नाही!” महाराज गरजले. “कळलं का, नारबा?”

कळलं काहीच नव्हतं. तरी मी “जी सरकार” म्हणालो. दरबारात टिकायचं तर आधी मान हलवावी आणि मग निवांत घाबरावं, एवढीच अक्कल देवानं माझ्या पदरात टाकली आहे.

समोर चौरंगावर एकच बाटली उभी होती. घोड्यांचा एक व्यापारी ऑस्ट्रेलियाहून बोटीनं घोडे घेऊन आला होता, त्यानं ती महाराजांना नजर केली. शिराझ नावाची, काळ्या द्राक्षांची लाल दारू. अंगानं भरलेली, स्वभावानं कडक आणि वयानं आमच्या युवराजांपेक्षा थोरली! व्यापारी बजावून गेला होता, “जुनी आहे, तळाशी गाळ बसलाय. हलक्या हातानं सुरईत ओता, जरा वारा लागू द्या, मग प्या. आणि आधी कुणीतरी चाखून बघा. प्रवासात आंबली असली तर पाहुण्यांसमोर फजिती व्हायची.”

चाखायला महाराजांनी मला निवडलं. कारण माझं नाक! आमच्या घराण्यात वाटणीला शेत कुणाच्याच आलं नाही, नाक मात्र सगळ्यांना भरघोस मिळालं. “एवढं नाक फुकट का बाळगायचं?” असं म्हणून महाराजांनीच मला हत्तीखान्यातून उचलून मुदपाकखान्यात आणलं होतं. तिथं भाजी करपायला लागली की ओरडायचं, एवढंच माझं काम. पण त्या कामामुळे माझ्या पोरांच्या भातावर पहिल्यांदा तूप पडू लागलं होतं.

दिवाणजींना ही जागा आपल्या भाच्यासाठी हवी होती. त्यांनी हळूच काडी टाकली.

“सरकार, यानं बाटलीतली चाखली, तर उरलेली उष्टी नाही का व्हायची?”

“व्हायचीच! चाकराचं उष्टं मी प्यायचं?”

“मग वेगळ्या वाटीत थोडी घेतो, सरकार,” मी म्हणालो.

“थोडी? अरे, एकच बाटली आहे! माझ्या पिण्यातला एक थेंबसुद्धा कमी होता कामा नये!”

“आणि फेकायचीही नाही,” दिवाणजी गोड हसले. “सरकारांना आलेली भेट! बाटली पार रिकामी झाली पाहिजे.”

“बरोबर! आणि सुरईत गाळाचा कण दिसला तर याद राख!” महाराज आता हट्टाला पेटले होते. “आज रात्री जेवायला पाहुणे यायचेत, त्यांच्या आत हे सगळं झालं पाहिजे. नाहीतर उद्यापासून पुन्हा हत्तीची लीद उपस!”

मी बाटलीभोवती फिरलो. बुचाला नाक लावून बघितलं, पण त्याला फक्त बुचाचाच वास आला. घराण्याची एकुलती एक इस्टेट, तीही ऐन वेळी कुचकामी निघाली! डोळ्यांपुढे पोरांचा कोरडा भात दिसायला लागला आणि मला खरोखर रडू आलं.

दिवेलागणीला महाराज येऊन बसले. मी बूच काढलं, बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती ठेवली आणि सुरईत ओतायला लागलो. लाल धार बारीक, संथ उतरत होती. मेणबत्तीच्या उजेडात तळचा काळा गाळ मानेकडे सरकताना दिसला आणि माझा हात थांबला. अक्कल सुचली म्हणून थांबला असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे भीतीनं थांबला. अक्कल त्यानंतर, धापा टाकत आली.

“थांबलास का?” दिवाणजी ओरडले. “बाटली रिकामी कुठं झाली?”

“आत्ता होते, दिवाणजी!”

मी उजव्या हाताचा तळवा खोलगट केला, तीर्थ घेतात तसा. बाटली त्यावर उपडी केली, तळचा सगळा गाळ हातात घेतला आणि गटकन गिळला! दातात कण अडकले, मिशी लाल झाली. तीर्थ घेतल्यावर करतात तसा हात डोक्यावरूनही फिरवला, म्हणजे टक्कलही लाल झालं.

महाराज बघतच राहिले. “अरे गाढवा, हे काय?”

“चव घेतली, सरकार! आधी पिकलेलं जांभूळ लागतं. मागून मिरी येते. शेवटी कच्च्या सुपारीसारखी जीभ आवळते. आंबलेली नाही. खुशाल प्या!”

महाराजांनी पेला भरून उजेडात धरला. एक कण नाही! घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले. “जांभूळ... हो. मिरी... आहे रे!”

“पण सरकार,” दिवाणजी उसळले, “सरकारांच्या आधी हा चाकर प्याला!”

“प्यालो, पण सरकारांच्या पेल्यातलं नाही,” मी म्हणालो. “सुरईला तोंड लावलं नाही, थेंब फेकला नाही, बाटली रिकामी आहे. वरचं नितळ सरकारांना आणि तळचा गाळ चाकराला! दरबारात रोज हेच तर चालतं, दिवाणजी. आज सरकारांनी गाळाची चव विचारली, म्हणून सांगितली!”

बोलून गेलो आणि हत्ती डोळ्यांसमोर येऊन उभा राहिला.

महाराजांनी पेला खाली ठेवला. मिशी थरथरली. मग पोट हललं, आणि ते एवढ्यानं हसले, एवढ्यानं हसले की पगडी कानावर आली.

“नारबा, लेका, आजपासून तू सुरईचा कारभारी! पगार दुप्पट, आणि प्रत्येक सुरईतला एक नितळ पेला तुझा! दिवाणजी, व्यापाऱ्याला निरोप धाडा, पुढच्या खेपेला पेटीभर बाटल्या आण म्हणावं!”

“आणि तळचा गाळ, सरकार?” मी हात जोडून विचारलं.

“तो?” महाराज डोळे पुसत म्हणाले. “त्याची चव आता दिवाणजी सांगतील!”